लाल पेशींचा आकार आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता

रक्ताच्या सर्वसाधारण तपासणीच्या, म्हणजेच सीबीसीच्या अहवालात 'एमसीव्ही' हा आकडा असतो. तो लाल पेशींचे सरासरी आकारमान दर्शवितो. प्रौढांमध्ये ते साधारणतः ८० ते १०० फेम्टोलिटर असते. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्ल कमी पडल्यास डीएनएची निर्मिती मंदावते, पेशींचे विभाजन रेंगाळते आणि पेशी मोठ्या होतात. म्हणूनच १०० पेक्षा अधिक एमसीव्ही ही या कमतरतेची स्वस्त खूण मानली जाते.

भारतात मात्र ही खूण पुष्कळदा फसवी ठरते. लोहाच्या कमतरतेमुळे पेशी लहान होतात. दोन्ही कमतरता एकत्र असल्यास सरासरी ९० च्या आसपास येते आणि अहवाल निर्दोष दिसतो. अशा वेळी पेशींच्या आकारातील तफावत सांगणारा 'आरडीडब्ल्यू' हा शेजारचा आकडा वाढलेला आढळू शकतो; पण त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने गर्भवती महिलांना रोज ५० मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माता, स्तन्य व अर्भक यांच्यातील ब-१२ चे प्रमाण वाढल्याचे आढळले. ही वाढ पेशींच्या आकारावरून नव्हे, तर ब-१२ ची पातळी प्रत्यक्ष मोजून ठरविण्यात आली.

केवळ फॉलिक आम्ल घेतल्याने रक्तक्षय सुधारतो, पेशीही पूर्ववत होतात. मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहते, आणि ती कधी कधी भरून येत नाही. त्यामुळे हातापायांना मुंग्या येणाऱ्या शाकाहारी व्यक्तीचा एमसीव्ही सामान्य असला, तरी ब-१२ ची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.