अल्कता-वर्धन, सागरी

अल्कता-वर्धन, सागरी : वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी करण्याच्या हेतूने समुद्राच्या पाण्यात चुना, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक सोडा किंवा ऑलिव्हीन खनिजाची पूड अशी अल्कधर्मी द्रव्ये मिसळण्याची योजना. पाण्याची अल्कता वाढली म्हणजे त्यात विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचे बायकार्बोनेटात रूपांतर होते, पाण्यातील त्या वायूचा दाब उतरतो आणि ती तूट भरून निघेपर्यंत हवेतील वायू पृष्ठजलात शिरत राहतो. असा बांधला गेलेला कार्बन हजारो वर्षे समुद्रातच राहू शकतो, हा या योजनेचा मूलाधार होय. मानवाने हवेत सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र आजही स्वतःच शोषून घेतो, परंतु त्यापायी पृष्ठजलाची पीएच औद्योगिक युगापूर्वीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरली असून प्रवाळ व शिंपले यांना कवच घडविणे कठीण होऊ लागले आहे. अल्कता वाढविल्याने ही आम्लताही काही अंशी ओसरेल, अशी अपेक्षा असते. समुद्रात चुना टाकण्याची सविस्तर कल्पना हारून खेशगी यांनी १९९५ मध्ये मांडली.

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे या योजनेशी त्याचा संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही. तथापि समुद्राला अल्कता पुरविण्याचे जे काम निसर्ग अखंड करीत आला आहे, त्याचा उगम अशाच प्रदेशांत आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्खनच्या लाव्ह्याने, म्हणजे बेसाल्टाने, व्यापलेला आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड या खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडवून घेतो आणि बायकार्बोनेट होऊन अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा यांच्या वाटेने वर्धा व पैनगंगा या नद्यांना मिळतो. पैनगंगा वणी तालुक्याच्या हद्दीवर वर्धेत, वर्धा पुढे वैनगंगेसह प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत जाऊन हा सारा भरणा अखेर बंगालच्या उपसागरात जमा होतो. या झिजेला लाखो वर्षे लागतात, आणि तीच घाईने घडवून आणणे हेच अल्कता-वर्धनाचे सार आहे.

दुसरा संबंध चुन्याचा. वणी, झरी-जामणी या पूर्वेकडील तालुक्यांत पैनगंगा गटाचा प्राचीन चुनखडक उघडा पडला आहे व त्याच परिसरात दगडी कोळसाही आहे; दगड आणि इंधन एकत्र सापडल्याने वणीजवळील राजूर येथे चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या आणि मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना निघाला. समुद्रासाठी चुना हवा तर तो अशाच ठिकाणांहून यावयाचा. म्हणून येथील भट्टीचा जमाखर्च मांडून पाहणे उद्बोधक ठरते. शुद्ध चुनखडकाचे १०० टन भाजले असता सुमारे ५६ टन कळीचा चुना हाती येतो आणि ४४ टन कार्बन डाय-ऑक्साइड धुराड्यावाटे हवेत जातो. तेवढा चुना सिद्धांतानुसार ८८ टन वायू बांधू शकतो, परंतु समुद्रजलातील रासायनिक समतोलामुळे प्रत्यक्ष आकडा ७० ते ८० टनांच्या दरम्यान राहतो. त्यातून भट्टीचे ४४ टन वजा केले की शिल्लक तिसाच्या आसपास उरते, आणि तीतून जाळलेल्या कोळशाचा वायू व किनाऱ्यापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च वळता केला म्हणजे पदरी फारसे काही पडत नाही. भट्टीच्या तोंडाशीच वायू धरून तो भूगर्भात साठविण्याची तरतूद असेल, तरच या पद्धतीला अर्थ आहे.

चुना न भाजता बेसाल्टाचीच पूड शेतात पसरावी, असा एक पर्याय अलीकडे पुढे आला आहे. त्यात भट्टीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु यवतमाळच्या कपाशीच्या काळ्या जमिनीत आधीच अल्कता अधिक असल्याने तेथे दगड सावकाश झिजतो, आणि झिजेतून निर्माण झालेल्या बायकार्बोनेटाचा काही भाग नदीपर्यंत न पोचता जमिनीतच चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने साकळतो. असे घडताना त्यातील निम्मा कार्बन पुन्हा वायू होऊन सुटतो. अधिक पावसाच्या, आम्लधर्मी तांबड्या मातीत ही पद्धत अधिक फलदायी होईल. या दृष्टीने कोकणचा दावा विदर्भाहून बळकट आहे.

समुद्रातील प्रत्यक्ष प्रयोग अद्याप लहान आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील एका प्रवाळमंचावर कॉस्टिक सोडा मिसळून अल्कता वाढविली असता प्रवाळांची कवचबांधणी वाढल्याचे रेबेका ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात २०२३ पासून वीजकेंद्राच्या थंडाव्याच्या पाण्याबरोबर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सोडण्यात येत आहे. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज उपसागरात अशाच योजनेला त्याच वर्षी स्थानिक रहिवाशांनी कडाडून विरोध केला, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही, कारण ज्यांचे मासे व ज्यांचा किनारा पणाला लागावयाचा त्यांची संमती ही परवान्याइतकीच आवश्यक बाब आहे. शोषला गेलेला वायू खुल्या समुद्रात मोजणे हेही दुर्घट आहे, कारण प्रवाहांबरोबर पाणी दूर पसरते आणि हवेतून वायू शिरण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. ऑलिव्हीनसारख्या खनिजांच्या पुडीतून निकेलसारखे धातू पाण्यात उतरण्याचा धोका निराळाच.

समुद्रात द्रव्ये टाकण्याविषयीच्या लंडन करारनाम्याच्या १९९६ च्या प्रोटोकॉलला २०१३ मध्ये अशा प्रयोगांसंबंधी दुरुस्ती जोडली गेली, पण पुरेशा राष्ट्रांची मान्यता न मिळाल्याने ती अमलात आलेली नाही. कोळसा जाळणे कमी करण्याला ही योजना पर्याय होऊ शकत नाही. राजूरच्या भट्टीचा हिशेबच ते सांगतो.