पहिल्या दिवसाचे दूध : चिकाचा इतिहास

१/ व्यालेल्या गाईचे पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. मराठी घरांत त्याचा खरवस होतो. आता त्याचीच भुकटी कुत्र्या-मांजरांच्या 'प्रतिकारशक्ती'साठी डब्यांतून विकली जाते. हे दूध नेमके कोणासाठी आणि केव्हा उपयोगी, हे कळायला शतके जावी लागली.

२/ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरेनस याच्या मते आईचे पहिले दूध नवजात बाळाला पचण्यास जड होते. ते देऊ नये, असा त्याचा सल्ला होता. १७४८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम कॅडोगन यांनी उलट बाजू मांडली : हेच दूध बाळाचे पोट साफ करते. तरीही त्यातील खरे रहस्य अज्ञातच होते.

३/ १८९२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी उंदरांच्या पिल्लांची आयांमध्ये अदलाबदल केली. विषाविरुद्ध प्रतिकारक्षम झालेल्या मादीचे दूध प्यालेली परकी पिल्लेही त्या विषापासून सुरक्षित राहिली. संरक्षण दुधातूनही मिळते, हे सिद्ध झाले.

४/ १९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक पाजला, काहींना नाही. चिकाला मुकलेली बहुतेक वासरे दगावली. एरवी आतड्यात राहणारे जिवाणू त्यांच्या अवयवांत पसरले होते.

५/ कारण असे : मानवी गर्भाला प्रतिपिंडे वारेतून मिळतात. वासराला ती तशी मिळत नाहीत. कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांना अल्पच मिळतात. उरलेली सारी भिस्त चिकावर. मात्र नवजात आतडे ही प्रतिपिंडे अखंड रूपात रक्तात घेते ते पहिले काही तासच. साधारण २४ तासांत हे दार मिटते. मांजराच्या पिल्लात सुमारे १६ तासांतच.

६/ म्हणून प्रौढ कुत्र्याला दिलेल्या भुकटीतील प्रतिपिंडे रक्तात पोहोचत नाहीत. त्यांचे कार्य आतड्यापुरतेच. २०१३ च्या एका अभ्यासात गाईचा चीक खाणाऱ्या कुत्र्यांनी डिस्टेंपरच्या लसीला अधिक जोमदार प्रतिसाद दिला. परंतु हा लसीला मिळालेला हातभार होता. भुकटी लसीची जागा घेत नाही.

७/ जन्मताच आई गमावलेल्या पिल्लासाठीही गाईचा चीक पुरेसा नाही, कारण गाईची प्रतिपिंडे गाईला भेटलेल्या रोगजंतूंना ओळखतात. अशा वेळी पशुवैद्य लस घेतलेल्या, निरोगी, त्याच जातीच्या प्राण्याचे सीरम देऊ शकतात. सोरेनसने चिकाचा काळ ओळखला नाही. डब्यावरची जाहिरातही तो सांगत नाही. पिल्लाच्या हाती मात्र तेवढे काही तासच असतात.