वहिवाट कुणाची? चवदार तळ्याच्या काठाचा दावा



२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय घडलं हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही सांगता येतं. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, मागोमाग हजारो माणसं उतरली. पण त्या ओंजळीच्या पुढे काय झालं असं विचारा. चांगली शिकलेली मंडळीसुद्धा शेण-गोमूत्राच्या शुद्धीकरणापाशी थांबतात, नाहीतर मनुस्मृतीच्या दहनापाशी. त्या पाण्यासाठी पुढे सव्वानऊ वर्षे कोर्टात दावा चालला, तो कुणी सांगत नाही. दाव्यात घोषणा नसतात, कागद असतात, म्हणून असेल. माझ्यासारख्या गिरणीत आयुष्य घालवलेल्या आणि उरलेल्या वेळात वाचायला शिकलेल्या माणसाला मात्र तो दावा फार मोलाचा वाटतो. कारण त्यातला प्रश्न आजही गावोगावी उभा आहे. पाणी सर्वांचं, पण काठची जमीन खाजगी. मग पाणी खरोखर सर्वांचं राहतं काय?

आधी तळं कसं होतं ते डोळ्यांपुढे आणू या. हायकोर्टाच्या निकालात त्याचं वर्णन आहे. चार ते पाच एकरांचं तळं. पावसाचं पाणी आणि काही नैसर्गिक झरे, एवढ्यावर ते भरायचं. चारही बाजूंनी नगरपालिकेचा रस्ता. रस्त्यापलीकडे स्पृश्य हिंदूंची घरं, काही मुसलमानांची. आणि खरी मेख पुढेच आहे. त्या घरवाल्यांपैकी अनेकांच्या मालकीच्या जमिनीच्या पट्ट्या तळ्याच्या अगदी काठाला लागून होत्या. पाण्यात उतरायचे घाट, दगडी पायऱ्या, बांधीव काठ, ह्यांतलं पुष्कळसं त्यांचं. तळं किमान अडीचशे वर्षांचं जुनं हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. ते कुणी खोदलं, कुणाच्या पैशाने, याचा पुरावा कुणापाशीच नव्हता. १८६५ साली महाडला नगरपालिका झाली आणि सरकारी मालमत्तेबरोबर तळं तिच्याकडे आलं.

म्हणजे कागदावर पाणी गावाचं, आणि पायऱ्या घरवाल्यांच्या. आपल्या माणसाला अडवायला पाण्याची मालकी लागतच नव्हती, काठाची पुरे होती.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, तसेच सरकारने नेमलेल्या वा कायद्याने झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, वहीत लिहिला गेला, आणि तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचा थेंब घेतला नाही. घेणार कसा? मार्च १९२७ मध्ये परिषद भरली तेव्हा आलेल्या लोकांना पाजायला चाळीस रुपयांचं पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागलं. खुल्या झालेल्या तळ्याच्या गावात विकतचं पाणी, बघा.

मग २० मार्च झाला. परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी हूल उठवून हे घडवलं गेलं. पुढे तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख पाहिलीत? बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पुरी होत होती.

बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा समोरच्यांनी काठी बाजूला ठेवली आणि वकील गाठला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात नऊ जणांनी बाबासाहेब, शिवतरकर मास्तर आणि इतरांवर दावा ठोकला. म्हणणं काय, तर हे 'चौधरी तळे' आहे, सार्वजनिक नव्हेच, ते आमचं खाजगी. अस्पृश्यांनी ते कधी वापरलेलं नाही, म्हणून त्यांना कायमची मनाई करा. १४ तारखेला तात्पुरती मनाई निघालीसुद्धा. परिषद २५ तारखेला, हे ध्यानात ठेवा.

या परिषदेला यायची वाटही अशीच अडवलेली. धरमतरच्या बाजूच्या मोटारवाल्यांनी आपल्या लोकांना न्यायचं नाकारलं. तेव्हा बाबासाहेब आणि मंडळी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरावर उतरली. तिथून महाडपर्यंत पाच मैल पायी. सावित्रीची खाडी काही कुणा एकाच्या बापाची नव्हती, म्हणून ती अडवता आली नाही. महाडात मंडपाला कुणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली, तेव्हा मंडप उभा राहिला. खाजगी जमीन माणसाला अडवते तशी सामावूनही घेते. मालक कोण, त्याचं मन कसं, यावर सगळं. पण हक्क असा कुणाच्या मनावर सोडता येत नाही, आणि बाबासाहेबांची लढाई नेमकी त्यासाठी होती.

मंडपात हजारो सत्याग्रही जेलची तयारी करून आलेले. पाण्यावर चला, असा सगळ्यांचा सूर. अशा वेळी मनाई मोडून तळ्यावर जाणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. बाबासाहेबांनी लोकांना समजावलं की आपलं भांडण स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही. कोर्टाचा निकाल होईपर्यंत थांबू. २७ डिसेंबरला मिरवणूक तळ्याभोवतीच्या रस्त्याने शांतपणे फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली. त्या वेळी काही तरुण नाराज झाले असतील. माझं मत विचाराल तर २० मार्चची ओंजळ जेवढी मोठी, तेवढीच २७ डिसेंबरची ही कोरडी फेरी मोठी.

आता कोर्टाचं. महाडच्या न्यायाधीशाने ८ जून १९३१ ला निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे. स्पृश्यांनी दीर्घकाळ ते वापरलं आणि अस्पृश्यांनी वापरलं नाही हे खरं. पण सार्वजनिक तळं एकाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही एवढ्याने वापरणाऱ्याला मालकी किंवा कायदेशीर हक्क मिळत नाही. दावा रद्द. विरुद्ध बाजू ठाण्याला गेली. तिथेही जानेवारी १९३३ मध्ये हरली. मग हायकोर्ट.

तोवर 'खाजगी तळे' ही भाषा टिकण्यासारखी राहिली नव्हती. उरला तो रूढीचा मुद्दा. आपल्या भाषेत 'वहिवाट' हा शब्द फार नामी आहे. पाय पडून पडून वाट होते, तसा वापर होऊन होऊन हक्क होतो. कायद्याला ते मान्य आहे, पण त्याच्या अटी आहेत. रूढी अनादी काळापासूनची हवी, अखंड हवी, निश्चित हवी, आणि वाजवी हवी. ह्या माणसांचं म्हणणं, अस्पृश्यांना अडवणं हीच आमची अनादी वहिवाट.

१७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील खर्चासह फेटाळलं. ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते. निकालातली एक शंका मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तळ्याभोवती स्पृश्यांची घरं उभी राहण्याआधी ते पाणी फक्त आपल्यापुरतं राखायचा खटाटोप कुणी केला असेल काय, असा प्रश्न न्यायमूर्तींना पडला. मी त्याचा अर्थ असा लावतो. तळं आधी, घरं नंतर. काठ व्यापला गेला आणि मग 'अनादी' रूढी जन्माला आली. अनादी म्हणून जी सांगितली, तिचं वय फार तर त्या घरांच्या भिंतींएवढं! रूढी सिद्धच झाली नाही, त्यामुळे ती वाजवी की अवाजवी हे ठरवायची वेळ कोर्टावर आली नाही. मला त्याची थोडी रुखरुख वाटते. तेही ठरलं असतं तर बरं झालं असतं.

आम्हा गिरणीवाल्यांना ही 'रूढी' नवी नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, आणि पगार तिथेच जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढे आणला. सरकारी तळं काय आणि साहेबाची गिरणी काय, दाराशी उभा राहणारा तोच.

पुढे कायदा बदलला. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. 'घाट' हा शब्द तिथे आहे हे महाडचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून वाचा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, नदी, ओढा, झरा, विहीर, तळं, नळ यांच्या वापराबरोबर तिथे पोहोचणंही धरलं. नुसतं पाणी नाही, पाण्यापर्यंतची पोच. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर सार्वजनिक जागी जाण्याची वहिवाटीची वाट नाकारणं हाच गुन्हा आहे.

गावी शेती असलेल्या कुटुंबांसाठी आणखी थोडं. ओढा कुणाच्या शेतातून वाहतो म्हणून तो त्याचा होत नाही. दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नसेल तर नदी, नाला, तळं यांचा तळ सरकारचा, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं २० वं कलम सांगतं. शेतीच्या पाण्याचा वापर किंवा त्या पाण्याकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. गावनकाशाची नक्कल मात्र आधी काढून ठेवा, आणि अडवल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, कारण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.