आदिस अबाबा

इथिओपियाची राजधानी व देशातील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या सुमारे २७.४ लाख (२००७ ची जनगणना). त्यानंतर शहर झपाट्याने वाढले आहे. ते देशाच्या मध्यभागी, एन्टोटो डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी वसले आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,३५० मी., म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून सुमारे ७०० मी. अधिक. आफ्रिकेतील सर्वांत उंचावरची ही राजधानी. बहुतेक प्रवासी तिच्याकडे विमान बदलण्याचे ठिकाण म्हणूनच पाहतात. वास्तविक चार-पाच दिवस सवडीने राहावे असे हे शहर आहे; मात्र सहल आखताना आधी तेथील ऋतू, पंचांग आणि घड्याळ समजून घ्यावे लागते.

इतिहास : शेवाचा राजा दुसरा मेनेलिक याची राजधानी आधी एन्टोटोच्या थंड, वाऱ्याच्या माथ्यावर होती. खाली फिलवोहा येथे उष्ण पाण्याचे झरे होते. राणी ताइतू हिच्या पुढाकाराने १८८६ मध्ये तेथे वस्ती झाली; तिने या जागेला ‘नवे फूल’ या अर्थाचे नाव दिले. ओरोमो लोकांत ही जागा फिनफिने म्हणून ओळखली जाते. १८८९ मध्ये मेनेलिक सम्राट झाला आणि या वस्तीला देशाच्या राजधानीचे महत्त्व आले. सरपणासाठी भोवतालचे रान इतक्या वेगाने तुटले, की राजधानी हलवण्याची वेळ आली होती. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या झपाट्याने वाढणाऱ्या निलगिरीने ती टळली. एन्टोटोच्या उतारांवर आजही तिचीच झाडी आहे. १९१७ मध्ये जिबूतीहून येणारा लोहमार्ग शहरापर्यंत पोहोचला.

१८९६ मध्ये अडवा येथे इथिओपियाने इटलीचा पराभव केला होता. त्या इटलीने १९३६ मध्ये आदिस अबाबा घेतले. फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हाइसरॉयवरील हल्ल्यानंतर इटालियनांनी शहरात हजारो नागरिकांची कत्तल केली. तिचे स्मारक सिदिस्त किलो चौकात आहे. ५ मे १९४१ रोजी सम्राट हायले सेलासी राजधानीत परतला. २५ मे १९६३ रोजी येथेच आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली; तिची वारस असलेल्या आफ्रिकी संघाचे मुख्यालयही येथेच आहे. या देशाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा. त्याने १६१० मध्ये वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर.

ऋतू व पंचांग : मुख्य पावसाळा जून ते सप्टेंबर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्येही सरी येतात. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सहलीस सर्वांत चांगला. दुपारी ऊन सुखद असते, पण रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरू शकतो; स्वेटर हवाच. इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे : तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे. सालाचा आकडा आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षे मागे असतो. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे २०१८ साल लागले. सप्टेंबरअखेर मेस्केल सणाच्या आदल्या संध्याकाळी मेस्केल चौकात मोठी होळी पेटते. १९ जानेवारीच्या सुमारास तिमकेतचा सण येतो. आदल्या दिवशी चर्चमधील पवित्र फलक जरीच्या कापडात झाकून, पुरोहितांच्या डोक्यावरून मिरवत जान मेदा मैदानावर नेतात. पहाटे पाणी मंत्रून जमलेल्यांवर शिंपडले जाते. सहल सणाला जोडायची असेल, तर खोली बरीच आधी राखून ठेवावी.

तेथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. विमानाच्या तिकिटावर आंतरराष्ट्रीय वेळ असते, पण वाहनचालकाने सांगितलेली वेळ स्थानिक असू शकते. ती कोणत्या घड्याळाची, हे दर वेळी विचारून घ्यावे. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा आदिस अबाबा अडीच तास मागे आहे.

प्रेक्षणीय स्थळे : राष्ट्रीय संग्रहालय सर्वप्रथम पाहावे. १९७४ मध्ये हदार येथे सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘लूसी’ या मानवसदृश जीवाच्या सांगाड्याची प्रतिकृती येथे मांडली आहे. तिची इथिओपियन लोकांतील ओळख दिंकिनेश अशी आहे. सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग हाती लागला. जेमतेम साडेतीन फूट उंचीचा हा जीव दोन पायांवर चालत होता, हे समोर उभे राहून पाहताना मानवाच्या वाटचालीचा आवाका जाणवतो. जवळच, हायले सेलासीच्या जुन्या राजवाड्यात, आदिस अबाबा विद्यापीठाचे मानववंश संग्रहालय आहे. पवित्र त्रिमूर्ती कॅथीड्रलमध्ये सम्राटाचे अवशेष २००० मध्ये ठेवण्यात आले. आफ्रिका हॉलमधील (१९६१) अफेवेर्क तेक्ले यांची काचचित्रे, पियासा भागातील अष्टकोनी सेंट जॉर्ज कॅथीड्रल व अडवा विजय स्मारक (२०२४) हीही पाहण्याजोगी आहेत. पियासातील अनेक जुनी घरे २०२४ मध्ये पुनर्विकासात पाडली गेली, ही या शहराची मोठी हानी होय. उरलेले पाहून घ्यावे. मेरकातो हा आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. तेथे माहीतगारासोबत जावे आणि पाकीट सांभाळावे. हातमागाच्या कापडासाठी एन्टोटोच्या पायथ्याचा शिरो मेदा बाजार सोयीचा.

खाणेपिणे : शाकाहारी प्रवाशाला हे शहर फार मानवते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी ५५ दिवस उपास करतात. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. उपाहारगृहात ‘त्सोम’ म्हटले की असे जेवण मिळते. तेफ धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ इंजेरावर मसूर, पालेभाज्या, बटाटा-गाजर असे प्रकार मांडलेले ताट म्हणजे बेयाइनेतू. शिरो हे आपल्या पिठल्याच्या जवळचे. त्यात कांदा-लसूण असतो, तो न खाणाऱ्यांनी आधी विचारावे.

कॉफीचे आमंत्रण आले, तर तासभर वेळ ठेवूनच जावे. जमिनीवर हिरवे गवत पसरतात. यजमानीण हिरव्या बिया धुऊन निखाऱ्यावर भाजते आणि त्यांचा धूर एकेका पाहुण्यापुढे नेते. मग बिया कुटून जेबेना या मातीच्या सुरईत कॉफी उकळते. बिनकानाच्या लहान कपांत ती तीनदा दिली जाते : अबोल, तोना, बराका. पहिल्याच कपानंतर उठणे बरे दिसत नाही.

प्रवास व तयारी : मुंबईहून इथिओपियन एअरलाइन्सची थेट विमानसेवा आहे. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. तिचे प्रमाणपत्र नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. शहराच्या उंचीमुळे तेथे हिवतापाचा धोका नाही, पण सखल भागात जायचे असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चलन बिर, ते बँकेतच बदलून घ्यावे. शहरात निळ्या-पांढऱ्या मिनिबस आणि २०१५ पासून विजेवरची हलकी रेल्वे धावते.

विरळ हवेने पहिल्या दिवशी दम लागतो, डोके दुखते. म्हणून पहिला दिवस संग्रहालयांना द्यावा, भरपूर पाणी प्यावे आणि सुमारे ३,००० मी. उंचीचा एन्टोटो तिसऱ्या दिवसासाठी ठेवावा. शेवटचा दिवस बिशोफ्तूची ज्वालामुखी सरोवरे किंवा तियाचे कोरीव शिलास्तंभ यांपैकी एका ठिकाणाला पुरतो. देशाच्या काही भागांत सशस्त्र संघर्ष आहे. त्यामुळे शहराबाहेर रस्त्याने निघण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना पाहाव्यात.