परभणीचा देशी कापूस ‘सस्टेनेबल’ फॅशनला का हवा आणि तो मिळत का नाही?

कपड्यांच्या टॅगवर ‘सस्टेनेबल’, ‘ऑरगॅनिक’, ‘इको-फ्रेंडली’ हे शब्द आता सर्रास दिसतात. पण सुती टी-शर्टचा पर्यावरणावरचा बराचसा भार शेतातच ठरतो. बियाणं कोणतं, फवारण्या किती, पाणी कुठलं? म्हणून या चर्चेत परभणीचं नाव यायला हवं. ते सहसा येत नाही.

अमेरिकन आणि देशी कापसात फरक काय?

भारतात आज पिकणारा बहुतांश कापूस अमेरिकन जातीचा, बीटी संकरित आहे. बीटीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. काही वर्षं बोंडअळी आटोक्यात राहिली, पण गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठं नुकसान झालं. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर तर बीटीचा उपयोगच नाही, त्यामुळे फवारणी आलीच. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले.

देशी म्हणजे गावरान कापूस पावसाचा ताण सोसतो आणि रसशोषक किडींना चांगला तोंड देतो. (बोंडअळी मात्र त्यालाही लागते.) तो सरळ वाण असेल तर सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येते, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागत नाही. शिवाय ऑरगॅनिक प्रमाणपत्राला जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. म्हणजे बीटी तिथे बाद.

मग देशी मागे का पडला?

आखूड धाग्यामुळे. पारंपरिक देशी कापसाचा धागा साधारण १६ ते २० मिलिमीटर, तर गिरण्यांना २८ च्या आसपास लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नेमकं यावरच काम केलं. पीए ७४०, पीए ८१०, पीए ८१२, पीए ८३७ या त्यांच्या देशी वाणांचा धागा २८ ते ३१ मिलिमीटर आहे.

म्हणजे धाग्याची अडचण बरीचशी सुटली आहे. आता घोडं अडतं ते वेचणी आणि बाजारात. देशी बोंड लहान असतं, त्यामुळे किलोभर कापूस वेचायला वेळ जास्त जातो आणि मजुरी वजनावर असते. बोंड फुटल्यावर कापूस लवकर गळतोही.

त्यात जिनिंगचं गणित आहे. १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. शंभर गाठींचा ट्रक भरायचा तर पाचशे क्विंटल. जिरायतीत एकरी पाच क्विंटल धरले तरी शंभर एकर देशी कापूस एकाच भागात हवा. दोन-तीन एकरवाल्या एकट्या शेतकऱ्याचा माल मानवत किंवा सेलूच्या बाजारात गेला की इतर कापसात मिसळतो आणि त्याची ओळख संपते.

टॅग काय सांगतो?

‘गॉट्स’ मानकात ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के, तर ‘मेड विथ ऑरगॅनिक’साठी ७० टक्के ऑरगॅनिक धागा लागतो. ‘मास बॅलन्स’ पद्धतीत मात्र कंपनीने तेवढा कापूस खरेदी केल्याची नोंद असते, तुमच्या अंगावरच्या शर्टात तोच असेल असं नाही. युरोपीय संघाचा जुलै २०२४ पासून लागू झालेला कायदा कपड्यांना ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’ लावण्याच्या दिशेने जातो आहे.

परभणीच्या शेतकऱ्यासाठी प्रश्न त्याआधीचा आहे. ऑरगॅनिक प्रमाणपत्रापूर्वी वार्षिक पिकांना किमान दोन वर्षांचा रूपांतर काळ असतो. त्या काळात रासायनिक खतं, औषधं बंद आणि माल विकायचा नेहमीच्याच भावाने. या दोन वर्षांची तूट ब्रँडने उचलायची की शेतकऱ्याने, हे अजून ठरलेलं नाही.