बावन्न दिवसांची भिंत, बारा वर्षांचा भत्ता

नेतृत्वावरील व्याख्यानांत उदाहरणे बहुधा राजांची आणि सेनापतींची दिली जातात. मला मात्र हिब्रू धर्मग्रंथातील नहेम्या अधिक जवळचा वाटतो. तो राजा नव्हता, प्रेषितही नव्हता. तो शासनाचा सेवक होता. पर्शियाचा सम्राट पहिला अर्तहशश्त याच्या शूशन येथील दरबारात तो प्यालेबरदार होता. जेरुसलेमची तटबंदी भग्नावस्थेत असल्याचे वृत्त त्याला समजले आणि इ.स.पूर्व ४४५ मध्ये त्याने ती पुन्हा बांधण्याची परवानगी मागितली. त्याचबरोबर वाटेतील सुभेदारांच्या नावे पत्रे आणि लाकडासाठी राजवनाच्या रक्षकाच्या नावे आज्ञापत्रही मागून घेतले.

जेरुसलेमला पोहोचल्यावर तीन दिवसांनी, कोणालाही न सांगता, तो रात्री मोजकी माणसे घेऊन तट पाहून आला. आधी स्थळपाहणी, मग आवाहन, हा त्याचा क्रम होता. कामाची वाटणीही विचारपूर्वक झाली. अनेकांकडे स्वतःच्या घरासमोरचाच भाग आला. पुरोहित, सोनार, सुगंधी द्रव्ये बनविणारे, एका अधिकाऱ्याच्या मुली, सर्वांची नावानिशी वा व्यवसायानिशी नोंद आहे. तकोवा गावच्या प्रतिष्ठितांनी कामाला खांदा दिला नाही, हेही त्या नोंदीत आहे. शेजारच्या सत्ताधाऱ्यांचा विरोध असताना तट ५२ दिवसांत पूर्ण झाला.

व्यवस्थापनाचे धडे बहुधा येथेच संपतात. माझ्या मते प्रशासकाची खरी परीक्षा त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात आहे.

तटाच्या कामाच्या वर्णनातच रयतेचे गाऱ्हाणे येते. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली होती. राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते. मुलेमुली दास्यात गेली होती. सावकार परके नव्हते, आपल्याच समाजातील सरदार आणि अधिकारी होते. बाहेर शत्रू टपलेला असताना हा प्रश्न पुढे ढकलणे सोपे होते. नहेम्याने तसे केले नाही. त्याने मोठी सभा बोलावून सावकारांना सर्वांसमक्ष जाब विचारला. आपण आणि आपली माणसेही पैसा व धान्य उसने देत आहोत, हे त्याने त्याच सभेत सांगितले. गहाण जमिनी आणि घेतलेला शंभरावा हिस्सा परत करा, असे बजावले आणि पुरोहितांना बोलावून तशी शपथ घ्यायला लावली.

सावकारांनी ऐकले, याचे कारण मला त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात दिसते. सुभेदाराला मिळणारा अन्नभत्ता नहेम्याने १२ वर्षे घेतला नाही. पूर्वीचे सुभेदार तो घेत आणि त्याशिवाय ४० शेकेल चांदीही वसूल करीत. त्याच्या पंक्तीला दररोज १५० माणसे जेवत, तरी तो बोजा त्याने रयतेवर टाकला नाही; जमीनही विकत घेतली नाही. भत्ता हा त्याच्या पदाचा हक्क होता आणि सावकारांची वसुलीही त्यांच्या दृष्टीने हक्काचीच होती. स्वतःचा हक्क सोडलेला माणूसच दुसऱ्याला त्याचा हक्क सोडण्यास सांगू शकतो. केवळ आज्ञापत्राच्या बळावर हे घडले नसते.

मात्र त्याला आदर्श ठरविताना शेवटचा अध्यायही वाचावा लागतो. नहेम्या काही काळ राजाकडे परत गेला आणि पुन्हा आला, तोवर मंदिराच्या सेवकांचा ठरलेला वाटा बंद झाला होता. ते पोटासाठी आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. नहेम्याने संतापून सारे पुन्हा मार्गी लावले. भांडारावर विश्वासू माणसे नेमली, पण अनेक ठिकाणी दरडावणी आणि मारहाणीवरही तो उतरला.

आपल्याकडेही कर्तबगार अधिकाऱ्याची बदली झाली की त्याची योजना मंदावते, हे आपण पाहतोच. स्वतःच्या त्यागाने मिळविलेला अधिकार स्वतःबरोबरच निघून जातो. म्हणून पदावर असतानाच त्याचे रूपांतर नियमात, नोंदीत आणि जबाबदार माणसांच्या नेमणुकीत करून ठेवले पाहिजे. भांडारावरील नेमणूक नहेम्याने परत आल्यावर केली. ती निघण्यापूर्वी व्हायला हवी होती.