अक्कलदाढ : क्ष-किरण परीक्षा

साधारणपणे १७ ते २५ या वयात उगवणारी तिसरी दाढ म्हणजे अक्कलदाढ. जबड्यात पुरेशी जागा नसल्यास ती तिरपी वा आडवी होऊन हाडात अडकते. खालच्या जबड्यात तिच्या मुळांलगत एक अस्थिनलिका असून तीमधून खालच्या ओठास व हनुवटीस संवेदना पुरविणारी तंत्रिका जाते. दाढ काढताना ही तंत्रिका दुखावल्यास त्या बाजूचा ओठ व हनुवटी बधिर होते. ही बधिरता बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. क्वचित ती कायम राहते. हा धोका शस्त्रक्रियेपूर्वी ओळखण्यासाठी क्ष-किरण चित्राचा उपयोग करतात.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला. पुढील जानेवारीतच ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने सु. २५ मिनिटे किरण झेलून स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. अमेरिकेतील एडमंड केल्स यांनीही १८९६ मध्ये या कामास आरंभ केला. किरणांच्या दुष्परिणामांमुळे त्यांना पुढे हात गमवावा लागला. आरंभी दाढ कोठे दडली आहे, एवढेच चित्रात पाहत. जॉर्ज विंटर यांनी १९२६ मध्ये शेजारच्या दाढेशी असलेल्या कलावरून अक्कलदाढांचे वर्गीकरण केले. पेल व ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये तिची खोली आणि जबड्याच्या उभ्या भागापुढील जागा यांचीही दखल घेतली. शस्त्रक्रिया किती अवघड जाईल याचा अंदाज यांवरून येई. तंत्रिकेचा मात्र येत नसे.

फिनलंडमधील यर्यो पाटेरो यांच्या प्रयत्नांतून विकसित झालेल्या, संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखविणाऱ्या ओपीजी पद्धतीने ही नलिका सलग दिसू लागली. रूड व शेहाब यांनी १९९० मध्ये अशा चित्रांतील सात खुणा तपासल्या. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाच्या ठरल्या : नलिकेची वळलेली वाट, तिच्या कडेची तुटलेली पांढरी रेषा आणि मुळावरील काळसर पट्टा. नलिकेमुळे मुळास खोबण पडली असेल, तर तेथे कठीण द्रव्य कमी असते व किरण अधिक प्रमाणात पार होतात. म्हणून तो भाग काळा दिसतो. तथापि ओपीजी ही सपाट छाया असल्याने नलिका मुळाच्या गालाकडील बाजूस आहे की जिभेकडील, हे तीवरून कळत नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकात आलेल्या सीबीसीटी या त्रिमितीय पद्धतीने ते कळते. परंतु केवळ असे चित्र घेतल्याने इजेचे प्रमाण घटते, हे तुलनात्मक अभ्यासांत निश्चितपणे दिसलेले नाही. धोका मोठा असल्यास मुळे तशीच ठेवून फक्त वरचा भाग कापून काढता येतो. चित्राचा खरा लाभ असा निर्णय वेळीच घेता येण्यात आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात या निर्णयास आणखी एक बाजू आहे. जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालय मात्र १९८२ मध्ये औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे निघाले. ते बीड शहरापासून सु. १३० किमी. आहे. त्यामुळे कोणती दाढ गावाजवळच काढावी व कोणता रुग्ण दूर पाठवावा, हे आधी ठरणे रुग्णाच्या पैशाच्या व दिवसांच्या दृष्टीने मोलाचे असते. ऊसतोडीसाठी येथील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. दाढ काढल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी खाचेतील रक्ताची गुठळी निघून जाऊन तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. ओठाच्या बधिरतेवर तर काही महिने लक्ष ठेवावे लागते. यांपैकी पहिली व्याधी चित्रावरून सांगता येत नाही. तसेच सुपारी व गुटख्याच्या (महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी) सेवनाने गालाच्या आतील आवरण ताठर होऊन तोंड पुरेसे उघडत नसेल, तर तोंडात फिल्म ठेवणे कठीण जाते; अशा रुग्णाचे ओपीजी चित्र तोंडाबाहेरून घेता येते, परंतु दाढेपर्यंत हत्यार पोहोचेल की नाही, हे तोंड तपासूनच पाहावे लागते.